मुंबईचा पूर्वतट

मुंबई शहरास दोन तट आहेत. पश्चिमेकडचा तट सर्वांच्या परिचयाचा आहे. चौपाटी, मरीन ड्राइव्ह, वरळी, जुहू हीं नांवें मुंबई न पाहिलेल्या माणसासही ठाऊक असतात; आणि मुंबईहून परतलेला पाहुणा समुद्र पाहिल्याचें सांगतो तेव्हां तो याच तटाविषयीं बोलत असतो. परंतु ज्या पाण्यानें मुंबईस मोठेपण आणिलें तें हें नव्हे. तें पूर्वेकडचें पाणी होय. कुलाब्याच्या ससून गोदीपासून वडाळ्यापर्यंत सुमारें २८ किलोमीटर लांबीचा तो तट आहे. वाऱ्यापावसाच्या माऱ्यापासून सुरक्षित, आणि जहाजांस नांगर टाकण्यास सोयीचें पाणी समोरच असलेला. या २८ किलोमीटरांत सामान्य माणसास पाण्याच्या कडेपर्यंत पोंचतां येईल अशीं ठिकाणें एका हाताच्या बोटांवर मोजतां येतात. बाकी सर्व भिंत. आणि भिंतीमागें गोद्या, जुनीं गुदामें, रुळांचे गंजलेले फाटे व भंगार.

गेल्या दहाबारा वर्षांत हा तट लोकांस खुला करावा, तेथें उद्यानें, फिरण्याचे रस्ते व बोटींचे धक्के व्हावेत, अशी भाषा सरकारी अहवालांतून ऐकूं येऊं लागली आहे. ती ऐकून संतोष वाटतो. परंतु ओसाड पडलेला तट गजबजतो तो कशानें, या प्रश्नाचें उत्तर त्या अहवालांतील रंगीत चित्रांत मिळत नाहीं. त्यासाठीं मुंबईच्याच इतिहासाकडे वळलें पाहिजे.

समुद्रापासून दोनशें मैलांहून दूर, बालाघाटाच्या माथ्यावर वसलेल्या धारूरांत बसून मुंबईच्या बंदराची चिंता आम्हीं कां करावी, असें कोणी विचारील. आमच्या गांवच्या इतिहासांत समुद्र नाहीं हें खरें. विजापूरच्या किश्वरखान लारीनें १५६७ च्या सुमारास येथील किल्ला बांधला, निजामशहानें तो लवकरच जिंकून त्यास फत्ताबाद हें नांव दिलें, पुढें मोगल आले. या साऱ्या उलाढाली घाटांच्या, धान्याच्या आणि खजिन्याच्या. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या काळ्या जमिनीचें भवितव्य ठरूं लागलें तें मुंबईस. येथल्या कापसाचा भाव मुंबईच्या बाजारांत ठरे आणि त्याचे गठ्ठे मुंबईच्या धक्क्यावरून बोटींत चढत. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग झाला, तेव्हां मराठवाड्याचा कापूस बंदरास अधिकच जवळ आला. गोद्या बांधण्यास जो पैसा लागला तो बंदरावर उतरणाऱ्या व चढणाऱ्या मालावरील करांतून फिटला. म्हणजे शेवटीं तो ज्यांनीं माल पिकविला त्यांनींच भरला. ती जमीन आज एका सार्वजनिक संस्थेची आहे. तिच्याविषयीं बोलण्याचा अधिकार केवळ कुलाब्याच्या वा माझगांवच्या रहिवाशांसच आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

हा तट पहिल्यापासून बंद नव्हता. मुंबईचा नकाशा पाहिला तर एक मौज दिसते. बोरीबंदर, मसजीद बंदर, चिंच बंदर, कर्नाक बंदर अशीं नांवें एकापुढें एक येतात, आणि त्यांपैकीं कांहीं ठिकाणीं आगगाडींतून उतरणाऱ्या माणसास पाण्याचा थेंबही दिसत नाहीं. एके काळीं तीं खरोखरीचीं बंदरें होतीं. बंदर म्हणजे तेव्हां फार मोठा प्रकार नसे. किनाऱ्याचा एखादा उतार, दगडी पायऱ्या, मचवे व पडाव लागण्यापुरता धक्का, आणि मागें एखादी वखार. मोठें जहाज दूर पाण्यांत उभें राही व माल पडावांतून ये-जा करी. अशा बंदरावर कोळी, भंडारी, भाटिये, बोहरी, कोंकणांतून आलेले चाकरमाने, वाटसरू, सर्वांची वर्दळ असे. तेथें जाण्यास परवाना लागत नसे. पालवा बंदर, ज्याचें इंग्रजांच्या जिभेवर अपोलो झालें, तें याच मालिकेंतलें.

या बंदरांत सर्वांत विशेष तें भाऊच्या धक्क्याचें. मुंबईंतले भाऊ अजिंक्य या मराठी गृहस्थानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तो बांधला. त्यापूर्वीं कोंकणांतून येणाऱ्या उतारूंस ओहोटीच्या वेळीं चिखल तुडवीत जमीन गांठावी लागे. धक्का झाला आणि ही हालअपेष्टा संपली. पुढें गोद्यांच्या बांधकामांत मूळ जागा बदलली, तरी नांव टिकलें. सरकारदरबारीं त्यास ‘फेरी व्हार्फ’ म्हणोत, लोकांच्या तोंडीं तो भाऊचाच राहिला आहे. गव्हर्नरांचीं आणि राजपुत्रांचीं नांवें दिलेल्या वास्तूंचीं नांवें बदलून गेलीं. एका कंत्राटदाराचें घरगुती नांव मात्र दीड शतकाहून अधिक काळ चाललें आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं प्रसिद्ध झालें. तें वर्ष मोठें सूचक आहे. कारण त्यांनीं पाहिलेली मुंबई तेव्हांच बदलूं लागली होती. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या घरांत पैशाचा पाऊस पडला. या पैशानें काय केलें? समुद्र भरून काढण्याच्या कंपन्या काढिल्या. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी १८५८ पासून पूर्वतटावर भराव घालीत होतीच; आतां पश्चिमेकडे बॅकबेच्या नांवानें जो शेअरांचा जुगार माजला त्यांत प्रेमचंद रायचंदांसारख्या धुरंधरांपासून लहानसहान कारकुनांपर्यंत सर्व गुंतले. १८६५ सालीं युद्ध संपलें आणि फुगा फुटला. पूर्वेचा भराव मात्र वांया गेला नाहीं. सरकारनें एल्फिन्स्टन कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ सालीं पोर्ट ट्रस्ट स्थापन करून बंदराचा कारभार त्याच्या स्वाधीन केला. खाजगी लोभानें भरलेली जमीन अशा रीतीनें सार्वजनिक झाली.

पोर्ट ट्रस्टपुढें काम होतें तें गोद्यांचें. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाल्यावर आगबोटींचा ओघ वाढला, आणि आगबोटीस शिडाच्या जहाजाप्रमाणें पडावांची वाट पाहत दिवसेंदिवस उभें राहणें परवडत नाहीं. मुंबईच्या बंदरांत उधाणाच्या वेळीं भरतीओहोटीच्या पाण्यांत पंधरा फुटांच्या आसपास फरक पडतो. तेव्हां तटांत मोठें कुंड खणून त्यास दरवाजे बसवावयाचे, भरतीस जहाज आंत घ्यावयाचें, आणि दरवाजे लावून पाणी आंतच कोंडावयाचें, म्हणजे बाहेर ओहोटी असली तरी जहाज धक्क्यास लागून तरंगत राहतें. हें गोदीचें तत्त्व. मुंबईंत तें प्रथम अमलांत आणिलें ससूनच्या व्यापारी घराण्यानें, कुलाब्यास, १८७५ सालीं. थोड्याच वर्षांत ती गोदी सरकारनें घेतली. १८८० सालीं प्रिन्सेस डॉक व १८८८ सालीं व्हिक्टोरिया डॉक तयार झाला. १९१४ सालीं पुरी झालेली अलेक्झांड्रा गोदी या सर्वांहून मोठी. तीच पुढें इंदिरा गोदी झाली. प्रिन्सेस डॉकची जागा खणतांना खालीं, समुद्राच्या पातळीहूनही खोल, खैराच्या झाडांचे बुंधे उभेच्या उभे सांपडले. ज्यास आपण किनारा म्हणतों तो मनुष्यानेंच नव्हे तर पृथ्वीनेंही अनेकदां हलविला आहे, याची ती साक्ष होती.

गोद्यांबरोबर भिंत आली. तिला दोष देतां येत नाहीं. जकात बुडूं नये, माल चोरीस जाऊं नये, अनोळखी माणूस यंत्राखालीं सांपडूं नये, यासाठीं गोदीस भिंत लागतेच. परंतु परिणाम असा झाला कीं पंचवीसतीस वर्षांच्या आंत मुंबईच्या लोकांचा पूर्वसमुद्राशीं असलेला रोजचा संबंध तुटला. १९१५ सालीं पोर्ट ट्रस्टचा स्वतःचा लोहमार्ग सुरू झाला. शिवडीस कापसाचीं प्रचंड गुदामें उभीं राहिलीं आणि कुलाब्याचा कापूसबाजार तिकडे गेला. ‘कॉटन ग्रीन’ हें स्थानक त्याची खूण आहे. आज तेथें उतरणाऱ्यांपैकीं कापसासाठीं उतरणारा कोणी नसेल. इकडे पाठ फिरविलेलें शहर पश्चिमेकडे तोंड करून बसलें. पश्चिमेचा प्रसिद्ध रस्ताही लोकांच्या विहारासाठीं म्हणून आंखलेला नव्हता. १९२० नंतरच्या बॅकबे योजनेंत ११४५ एकर जमीन करून विकावयाची होती. खर्च भरमसाट वाढला, खुर्शेद नरिमन यांनीं त्या कारभाराचे वाभाडे काढिले, आणि अखेर सुमारें ४४० एकरांवर काम थांबलें. त्या फसलेल्या व्यापाराच्या कडेला जो कठडा उरला त्यावर आज अर्धी मुंबई संध्याकाळीं बसते.

पूर्वेस जीं तीनचार ठिकाणें उघडीं राहिलीं त्यांकडे पाहिलें म्हणजे आमच्या प्रश्नाचें उत्तर दिसूं लागतें. अपोलो बंदर उघडें राहिलें, कारण तेथें साहेबलोक उतरत. १९११ सालीं पंचम जॉर्ज बादशहा तेथें उतरले आणि त्या स्मरणार्थ १९२४ सालीं ‘गेटवे ऑफ इंडिया’ची कमान खुली झाली. विटेट साहेबांची ती कमान सुंदर आहे. परंतु तिच्याभोंवतीं गर्दी जमते ती केवळ कमानीसाठीं नव्हे. तेथून घारापुरीस व मांडव्यास लाँच सुटते, आणि लाँच सुटते म्हणून भेळवाला, फोटोवाला, बालबच्च्यांसह आलेलें कुटुंब, सारें तेथें जमतें. त्याच विटेट साहेबांच्या देखरेखीखालीं अलेक्झांड्रा गोदीच्या खोदकामांतील मातीवर पोर्ट ट्रस्टनें बॅलर्ड इस्टेट उभारली. रस्ते रुंद, इमारती एकमेकींस शोभणाऱ्या, सर्व कांहीं प्रमाणबद्ध. रविवारीं दुपारीं तेथें जाऊन पाहावें: कुत्रीं झोंपलेलीं असतात. सौंदर्यांत दोन्ही स्थळें एकमेकांस हार जाणार नाहींत. फरक एवढाच कीं एकीकडे पाण्यास लागून माणसाचें कांहीं काम आहे, दुसरीकडे पाणी भिंतीमागें आहे आणि काम कचेरीच्या वेळेपुरतें आहे.

भाऊच्या धक्क्यास तर सौंदर्य मुळींच नाहीं. मासळीचा वास, बर्फाच्या गाड्या, निसरडी फरशी. तरी पहांटे मासळीचा लिलाव सुरू होतो तेव्हां त्या जागेइतकी जिवंत जागा साऱ्या मुंबईंत सांपडणार नाहीं. कोंकणच्या कित्येक पिढ्यांनीं मुंबईंत पहिलें पाऊल टाकलें तें येथें. बोटींचीं नांवें संतांचीं असत. ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या बोटी १९२७ च्या नोव्हेंबरांत बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७ रोजीं, स्वातंत्र्यास महिनाही उरला नसतां, रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट सहाशेंहून अधिक जिवांसह समुद्रांत गडप झाली. गटारी अमावास्येचा तो दिवस होता. पुष्कळ लोक सणासाठीं घरीं निघाले होते. त्या धक्क्यावर मागें राहून वाट पाहणाऱ्यांची संख्या कोणीं मोजली नाहीं. तरीही लोकांनीं धक्का सोडला नाहीं, कारण त्यांस पलीकडे जावयाचें होतें. २०२० पासून तेथूनच मांडव्यास मोटारींसह नेणारी मोठी बोट सुरू झाली आहे.

भिंतीमागें काय आहे याची शहरास ओळख पटली ती भयंकर रीतीनें. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजास आग लागली. जहाजावर सुमारें १४०० टन स्फोटकें, कापसाचे हजारों गठ्ठे आणि सोन्याच्या विटा होत्या. असला माल एकाच पोटांत भरण्याचें शहाणपण युद्धकाळांतच सुचूं शकतें. दुपारीं चारच्या सुमारास जहाज फुटलें. मृतांची संख्या आठशें ते तेराशेंच्या दरम्यान सांगतात. आग विझविण्यास गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान त्यांत होते. भिंत स्फोटास अडवूं शकली नाहीं. पुढें दोन वर्षांनीं, फेब्रुवारी १९४६ मध्यें, नाविकांचें बंड झालें तेव्हां उपाशी खलाशांसाठीं लोक अन्नाचीं गांठोडीं घेऊन अपोलो बंदरावर आले. तट उघडा होता म्हणून तें शक्य झालें. इतिहासकार या गोष्टीची नोंद राजकारणाच्या सदरांत करतात. आम्हांस ती नगररचनेच्या सदरांतही करावीशी वाटते.

यानंतरची कथा थोडक्यांत सांगतां येते. मालाचीं खोकीं पोलादी पेट्यांत भरून नेण्याची पद्धत जगभर रूढ झाली. त्या पेट्यांच्या जहाजांस अधिक खोल पाणी व धक्क्यामागें विस्तीर्ण मोकळें पटांगण लागतें; जुन्या गोद्यांपाशीं दोन्ही नव्हतीं. १९८९ सालीं समोरच्या तीरावर न्हावा शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें आणि मुंबई बंदराचा बराचसा व्यापार खाडी ओलांडून गेला. उरलीं गुदामें, आणि त्यांच्या आश्रयानें राहणारीं माणसें. हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण अहवालांत ‘पडीक जमीन’ हा शब्द फार सहज येतो. दारूखान्यांत जुनीं जहाजें तोडणारे कामगार आहेत, रे रोडच्या आसपास झोंपड्यांतून पिढ्या वाढल्या आहेत, शिवडीच्या चिखलांत हिवाळ्यांत हजारों रोहित पक्षी उतरतात. ती जमीन भिंतीबाहेरच्यांस दिसत नव्हती. ती पडीक कधींच नव्हती.

केंद्र सरकारनें २०१४ सालीं राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमून या जमिनीचा विचार सुरू केला. २०१८ सालीं पोर्ट ट्रस्टलाच या पट्ट्याचें नियोजन करण्याचा अधिकार मिळाला. आराखडा आला, हरकती आल्या. आमची भीति निराळी आहे, आणि ती गिरण्यांच्या अनुभवांतून आलेली आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, तेव्हां १९९१ च्या नियमानें असें ठरलें कीं गिरणीची जमीन विकसित करतांना साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेस, एक तृतीयांश सार्वजनिक घरांस, व उरलेली मालकास मिळावी. चार्ल्स कोरिया यांच्या समितीनें १९९६ सालीं त्या जमिनींचा एकत्र विचार करण्याची सूचना केली. २००१ सालीं नियम बदलला: वांटणी साऱ्या जमिनीची नव्हे, तर जिच्यावर बांधकाम नव्हतें तेवढ्याच तुकड्याची. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा बदल कायम केला. नियमांतला एक शब्द बदलला आणि लोकांचीं उद्यानें कागदावरून उडून गेलीं. गोद्यांच्या जमिनीची मालकी निदान खाजगी नाहीं. म्हणून येथें तसें होण्यास निमित्त उरत नाहीं, आणि झाल्यास दोष देण्यास गिरणीमालकही सांपडणार नाहीं.

परदेशचीं उदाहरणें देण्याची आपल्याकडे हौस आहे. तीं पुरतीं मात्र कोणी वाचीत नाहीं. लंडनच्या ओस गोद्यांसाठीं १९८१ सालीं स्वतंत्र महामंडळ निघालें. त्यांत कॅनरी व्हार्फचे मनोरे उभे राहिले, आणि १९९२ सालीं ते बांधणाऱ्या कंपनीचें दिवाळें निघालें. १९९९ सालीं भुयारी रेल्वे पोंचली तेव्हां कोठें तेथें माणसांचा ओघ स्थिर झाला. अमेरिकेंतल्या बाल्टिमोर बंदरानें १९८० सालीं पाण्याकांठीं दुकानांचे दोन मंडप उघडले; जगभरचे नगररचनाकार तें पाहण्यास जात व तशीच नक्कल घरीं करीत. चाळीस वर्षेंही झालीं नाहींत तोंच, २०१९ सालीं, त्या मंडपांवर न्यायालयास कारभारी नेमावा लागला. दुकान चालेनासें झालें कीं दुकानासाठीं येणारा माणूसही येईनासा होतो. जेथें त्याचा रोजचा रस्ता पाण्यावरून जातो तेथें तसें होत नाहीं.

२०१७ सालीं ससून गोदीच्या जुन्या गुदामांत चित्रांचें एक मोठें प्रदर्शन भरलें. हजारों तरुण तें पाहण्यास गेले, आणि त्यांच्यांतल्या अनेकांनीं शेजारीं कोळंबी सोलीत बसलेल्या बायका त्या दिवशीं प्रथमच पाहिल्या. प्रदर्शन चांगलें होतें याविषयीं वाद नाहीं. तें संपलें, तरुण गेले. कोळंबी सोलणें चालू राहिलें. तटाचा आराखडा करणाऱ्यानें या दोहोंपैकीं मुख्य कोण आणि पाहुणा कोण, हें आधीं ठरवावें. मासळीचा बाजार, लाँचेचा धक्का, होड्या दुरुस्त करण्याची जागा, कामगारांचीं घरें, हीं ठेवून त्यांच्या फटींतून फिरण्याचा रस्ता नेला तर त्या रस्त्यास सोबत मिळेल. तीं हलवून रस्ता केला तर त्याच्या दोहों बाजूंस दिवे लागतील, आणि थोड्या वर्षांनीं रात्रीं तेथें जाण्यास लोक भितील.

याच वादाचा एक छोटा नमुना २०२५ सालीं गेटवेजवळ पाहावयास मिळाला. गर्दी कमी करण्यासाठीं रेडिओ क्लबपाशीं लाँचांचा नवा धक्का बांधण्याचें काम सरकारनें हातीं घेतलें, आणि शेजारचे रहिवासी न्यायालयांत गेले. त्यांचें म्हणणें, आमचा समुद्रकांठ शांत राहावा. सरकारच्या नकाशांत धक्क्याबरोबर उपाहारगृहही होतें आणि पायऱ्यांचें प्रेक्षागारही. मुंबई उच्च न्यायालयानें धक्क्यास मोकळीक दिली, पण अटी घातल्या: उपाहारगृहांत पाणी व बंद पाकिटांतले पदार्थ एवढेंच मिळावें, आणि प्रेक्षागारांत करमणुकीचे कार्यक्रम होऊं नयेत. बोटीची वाट पाहणाऱ्या उतारूंनीं मात्र त्या पायऱ्यांवर बसावें.